सील शाबूत होतं

त्या तीन दिवसांतलं मी अजून काही विसरलेले नाही. कंटेनरच्या दारावरची कडी, साहेबांच्या टेबलावरचा चहाचा कप आणि उत्तर माहीत असूनही गप्प उभी राहिलेली मी, हे सगळं जसंच्या तसं डोळ्यापुढे आहे.

मी पोलीस अधिकारी नव्हते, हे आधीच सांगते. मी होमगार्ड होते, शिक्षण चौथी. आमच्या ठाण्यात महिला शिपाई कमी. एखाद्या बाईची चौकशी असली की तिथे बाईमाणूस हजर असावं लागतं, म्हणून मला बोलावणं यायचं. हजेरीपटावर सही करायची, खोलीच्या कोपऱ्यात उभं राहायचं आणि बोलायचं नाही. मला ते जमायचं, कारण मी मुळातच लाजाळू. अशा कित्येक चौकशा मी उभ्याने पाहिल्या. साहेब कागदाकडे बघतात, समोरचा माणूस साहेबांच्या तोंडाकडे बघतो. कोपऱ्यातल्या बाईला दोघांचे हात दिसतात. खोटं बोलणारा माणूस चेहरा आवरतो, हात त्याला आवरत नाहीत.

नाव मी कुणाचंच लिहिणार नाही. जिच्यावर आळ आला तिला गावात सगळे अध्यक्षबाई म्हणतात, तेच इथे लिहिते.

ती आणि मी एका गावच्या, एका बाकावरच्या. चौथीत तिचा पहिला नंबर आला, माझा दुसरा. पाचवीची शाळा तिसगावला होती. तिच्या वडिलांनी तिला पाठवलं, माझ्या वडिलांनी मला पाठवलं नाही. ती दहावी झाली आणि लग्न होऊन आली ती नेमकी माझ्याच सासरच्या गावात. तोवर मला दोन लेकरं झाली होती. तेव्हापासून ती माझ्या डोळ्यासमोर वर चढत गेली. आधी बचत गट, मग बायकांची डाळिंबाची कंपनी, मग माळावर पत्र्याची मोठी शेड. तिथे गावोगावचं डाळिंब यायचं, निवडून खोक्यात भरलं जायचं आणि परदेशी जायचं.

पूर्वी आमच्याकडचं डाळिंब ट्रकने जायचं. गावातला एक गाडीमालक होता, त्याच्या गाड्या थेट मुंबईच्या बंदरापर्यंत जायच्या. भाडं तो सांगेल ते. मग सरकारी नियम बदलले. फळं रेल्वेने पाठवली तर भाड्यात सवलत मिळू लागली. नगरजवळ रेल्वे लाइनीला लागून कंटेनरचा डेपो झाला. आमच्याकडे कंटेनरला डबाच म्हणतात. थंड डबा ट्रेलरवर बसून शेडपर्यंत यायचा, माल भरून डेपोत जायचा. तिथे क्रेनने उचलून मालगाडीवर चढवायचा आणि बंदरात तसाच्या तसा जहाजावर. वाटेत खोकं कुठे उघडायचं नाही. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे डब्याला सील लावायची परवानगी कंपनीलाच मिळाली होती. अध्यक्षबाई स्वतःच्या हाताने सील लावायची, तेच सील परदेशापर्यंत चालायचं. गाडीमालकाच्या वाट्याला आता फक्त शेड ते डेपो एवढीच खेप उरली होती.

शेडच्या दारात ती डब्याला सील लावायची तेव्हा बायका टाळ्या वाजवायच्या. मी एकदा लांबून पाहिलं. तिच्या अंगावर साधीच साडी होती, पण कमरेला बांधलेली कागदाची पिशवी, कानाला मोबाईल आणि डेपोतल्या माणसाशी चाललेलं हिंदी! मला वाटलं, चौथीत माझा नंबर एका मार्काने गेला होता. एका मार्काचं हे एवढं होतं?

त्याच हंगामात माझी चाळीस झाडांची डाळिंबं घेऊन मी शेडवर गेले. तिने माझ्या क्रेटमधलं एक फळ उचललं, बोटांत फिरवलं आणि बाजूला ठेवलं. दुसरं उचललं, तेही बाजूला. मग सगळ्यांदेखत म्हणाली, "ह्यावर डाग हाय. ही क्रेटं परत न्या." डाग कुठे आहे हे मी विचारलं नाही. क्रेट टेम्पोत परत चढवल्या आणि पाथर्डी रोडच्या कडेला बसून विकल्या. त्या दिवसापासून तिचं नाव निघालं की माझ्या पोटात काहीतरी जळायचं.

आता घटना सांगते.

पुढच्या हंगामाचा पहिला डबा डेपोत गेला, त्यानंतरच्या सकाळी ठाणे अंमलदाराच्या फोनवर एक निनावी फोन आला. तोंडावर कापड धरून बोलल्यासारखा पुरुषाचा आवाज. "त्या बायांचा डबा डेपोत लागलाय. म्होरं डाळिंब हाय, मागं दगड. उघडून बघा." एवढं बोलून फोन बंद. अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद केली आणि साहेबांना सांगितलं. आमचे साहेब तरुण होते, सहायक निरीक्षक. रागावून बोलत नसत, पण एकच प्रश्न पाच वेळा विचारायची त्यांना सवय होती. त्यांनी डेपोत फोन करून डबा रोखला, अध्यक्षबाईला तिकडे बोलावून घेतलं आणि मला म्हणाले, "मावशी, चला. बाईमाणूस आहे, तुम्ही लागाल."

डेपोत ऊन रणरणत होतं. रेल्वेचे अधिकारी, माल घेणाऱ्या व्यापाऱ्याचा मुंबईचा माणूस, दोन पंच आणि आम्ही. अध्यक्षबाई आली ती घामाघूम, पण ताठ. मला पाहून म्हणाली, "अगं, तू हायेस व्हय? बरं झालं बाई, वळखीचं कुनीतरी हाय." मी नुसती मान हलवली.

आधी सील तपासलं. डेपोतल्या माणसाने यंत्र लावलं, ते पिक् वाजलं. नंबर जुळला. सील तुटलेलं नाही, ओरखडासुद्धा नाही. साहेबांनी पंचनाम्यात लिहिलं, सील शाबूत. सगळे सीलाकडे वाकून बघत होते. मी मागे उभी होते, म्हणून मला कडी दिसली.

सील ज्या कडीत अडकवतात ती कडी दाराला जाड बोल्टने धरलेली असते. त्या कडीवर हळद-कुंकवाची बोटं होती. कुंकू काय, प्रत्येक गाडीला असतं, म्हणून कुणी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. शेवटचं कुंकू अंगठ्याने लावलेलं, चांगलं रुंद, बोल्टच्या डोक्यावर अर्धं आणि भोवतीच्या पत्र्यावर अर्धं. पण ते अर्धं ह्या अर्ध्याला मिळत नव्हतं. पत्र्यावरचं अर्धं खाली होतं आणि बोल्टवरचं अर्धं बाजूला गेलेलं होतं. बोल्ट फिरला होता.

दसऱ्याला ठाण्याच्या जीपला कुंकू मीच लावायचे. कुंकू आपोआप मोडत नाही हे मला कुणी शिकवायला नको होतं. कुणीतरी पान्याने बोल्ट काढला होता. बोल्ट काढला की कडी सीलासकट बाजूला होते आणि दार उघडतं. परत बसवला की सील जसंच्या तसं.

हे सगळं मला तिथे उभ्याउभ्या कळलं. मी तोंड उघडलं नाही.

दार उघडलं. पुढच्या दोन रांगांत लालबुंद डाळिंब. तिसऱ्या रांगेपासून खोक्यात दगड, वर कागदाच्या पट्ट्या पसरलेल्या. वजन बरोबर यावं म्हणून मोजून भरलेले. मुंबईचा माणूस कपाळाला हात लावून म्हणाला, "बाई, ये क्या भेजा आपने?" अध्यक्षबाईने एका खोक्यात हात घातला, दगड बाहेर काढला आणि त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तिचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर मला त्यातून थोडं बरं वाटलं.

दुपारी ठाण्यात चौकशी सुरू झाली. गुन्हा फसवणुकीचा. साहेबांनी तिला खुर्ची दिली, कपबशीतून चहा दिला. मी कोपऱ्यात उभी. एवढ्या वर्षांत त्या ठाण्यात मला कुणी बशी दिली नव्हती, मला चहा स्टीलच्या पेल्यातूनच मिळायचा. आळ आला तरी कप तिच्याचपुढे, हे मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

"डबा कुणी भरला?"

"आमीच. धा बायांनी."

"सील कुणी लावलं?"

"मी."

"सील लावल्यावर डब्याला कुणी हात लावला?"

ती थांबली. पदराचं टोक तिने बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "न्हाई. कुनी न्हाई."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "बाई, तुम्ही थांबलात. का थांबलात?"

"न्हाई साहेब. कुनीच हात न्हाई लावला."

साहेबांनी हाच प्रश्न चार वेळा फिरवून विचारला. चारही वेळा ती थांबली आणि चारही वेळा नाही म्हणाली. साहेबांची खात्री झाली की बाई काहीतरी लपवते आहे. त्यांचं बरोबर होतं, ती लपवतच होती. पण काय लपवत होती हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होतं.

परवानगी देताना वरच्या साहेबांनी बायकांना बजावलं होतं की सील लावल्यावर डब्याला कुणाचा हात लागता कामा नये, नाहीतर परवानगी जाईल. पण आमच्याकडची बाई पहिला माल कुंकू लावल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाठवत नाही. कडीवरचं कुंकू आणि तिचं ते थांबणं, यावरून मी ओळखलं की त्यांनी गुपचूप पूजा केली होती, सील लावल्यानंतर. आणि आता पूजा केली असं सांगितलं तर सीलाला हात लावला असं होईल, या भीतीने ती गप्प होती. जे कुंकू तिला वाचवणार होतं, तेच ती लपवत होती.

तिच्या एकटीवरचा आळ असता तर गोष्ट वेगळी. पण गुन्हा पक्का झाला असता तर सील लावायची परवानगी जाणार होती. मग प्रत्येक डबा बंदरात उघडून तपासला जाणार, फळ उन्हात पडणार, रेल्वेची जागा हुकणार. बायकांना पुन्हा ट्रकचं दार धरायला लागलं असतं. शेडमध्ये पुढच्या डब्याचं डाळिंब तोडून पडलेलं होतं. गावातल्या प्रत्येक घरातलं थोडंथोडं होतं त्यात. हे मला कळत होतं. तरी मी मनाशी म्हणत होते, मी कोण सांगणारी, होमगार्ड मी, साहेबांना कळत नाही का? मला बोलायची लाज वाटते, एवढंच.

सूर्यास्तानंतर बाईला ठाण्यात बसवायचं नाही, असा नियम आहे. साहेबांनी तिला नोटीस देऊन घरी पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजर व्हायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिचे डोळे सुजलेले होते. साहेबांनी अकराला बसवलं ते दीडपर्यंत. जेवणाच्या सुट्टीत साहेब बाहेर गेले आणि खोलीत आम्ही दोघीच राहिलो. तिने जेवणाचा डबा उघडला, भाकरी आणि लसणाची चटणी. एक तुकडा मोडून माझ्यापुढे धरला.

"खा. उभी राहून पाय दुखत असतील."

"ड्यूटीवर खात नाही," मी म्हणाले.

"तू काय बोलत न्हाईस गं. शाळेतबी अशीच हुतीस. गुरुजी विचारायचे, उत्तर तुला यायचं, हात मी वर करायची." ती हसली, पण हसू अर्ध्यावर राहिलं. "सायेबांना म्हन ना, मी चोर न्हाई म्हनून. तू तर मला वळखतीस."

मला तेव्हा बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी विचारलं, "माझी डाळिंबं परत का पाठवली होतीस?"

ती गोंधळली. "कंची डाळिंबं?"

"गेल्या हंगामात. चाळीस झाडांची."

तिने आठवून पाहिलं. खरोखर आठवून पाहिलं, मला तिच्या कपाळावरून दिसलं. "न्हाई गं आठवत. रोज लई क्रेटं परत जात्यात."

वर्षभर मी ज्या आगीत जळत होते तिची तिला आठवणसुद्धा नव्हती. मुद्दाम केलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मी तोंड भिंतीकडे केलं. ठरवून टाकलं, होऊ दे जे व्हायचं ते.

चार वाजता साहेबांनी गाडीमालकाला जबाबासाठी बोलावलं. ट्रेलर त्याचा, म्हणून साक्षीदार. पांढरा पायजमा-शर्ट, गळ्यात सोन्याची साखळी, खिशात दोन मोबाईल. जबाब त्याने घडाघडा दिला. सील लावलेला डबा उचलला, डेपोत पोहोचवला. वाटेत चाक पंक्चर झालं म्हणून ड्रायव्हर थांबला होता, बाकी काही नाही. सही करून बाहेरच्या बाकावर टेकला आणि अंमलदाराला चहा सांगायला लावला. अध्यक्षबाई चौकशीच्या खोलीत होती, दार उघडं होतं. तो मुद्दाम मोठ्याने बोलला.

"रेल्वेनं पाठवत्यात म्हनं! जहाजानं पाठवत्यात म्हनं! आमच्या गाड्या वीस वरसं ह्यांच्या बांधाला उभ्या राहिल्या तवा गोड लागल्या. आता चार बुकं शिकली, हिंदी फाडायला लागली, की गाडी नको झाली. सायेब, असल्या बायांना ना घरात बसवावं."

मग त्याची नजर माझ्याकडे गेली. "ह्या ताई बघा. खाली मान, कामाशी काम, कुनाच्या अध्यात न्हाई. बाई असावी तर अशी."

आणि त्याने माझ्याकडे बघून हात जोडले.

आयुष्यात मला पहिल्यांदा कुणीतरी तिच्यापेक्षा बरी म्हटलं होतं. आणि ते कोण म्हणत होतं? मला त्याच्या तोंडाकडे बघताना धडकीच भरली. तो जे बोलत होता ते सगळं मी मनात म्हटलेलं होतं. चार बुकं शिकली. हिंदी फाडायला लागली. अगदी त्याच शब्दांत. फरक एवढाच की तो बोलत होता आणि मी गप्प होते, आणि माझं गप्प बसणं त्याच्या कामाला येत होतं.

तो गेल्यावर मी साहेबांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले.

"काय मावशी? ड्यूटी संपली, जा घरी."

"साहेब, कडीवरचं कुंकू मोडलंय."

"काय?"

"डब्याच्या कडीवर कुंकू आहे. अर्धं बोल्टवर, अर्धं पत्र्यावर. दोन्ही मिळत नाहीत. बोल्ट फिरवलाय कुणीतरी."

साहेब खुर्चीतून उठले. कपाटातून पंचनाम्याचे फोटो काढले. एका फोटोत कडी होती, पण लांबून. ते माझ्याकडे वळले. "तुम्ही कधी पाहिलंत?"

"डेपोत. पहिल्याच दिवशी."

"आणि आज सांगताय? दोन दिवस काय करत होता?"

"लाज वाटत होती साहेब."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पुढे विचारलं नाही. एकच प्रश्न पाच वेळा विचारणारे साहेब, त्यांनी हा प्रश्न एकदाच विचारला. माझं उत्तर खोटं होतं, हे त्यांना कळलं की नाही ते मला अजून माहीत नाही.

त्यांनी अध्यक्षबाईला आत बोलावलं. या वेळी प्रश्न वेगळा होता. "बाई, सील लावल्यावर तुम्ही डब्याची पूजा केलीत का?"

तिच्या हातातला पदर सुटला. "सायेब, चुकलं आमचं. परवानगी काढू नका. बायकांनी हट्ट केला, पयला डबा हाय म्हनल्या. नुसतं कुंकू लावलं, सीलाला न्हाई लावलं, देवाची आन."

"फोटो काढला का कुणी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "काढला हुता. पन लपवून ठेवलाय."

फोटो तिच्या मोबाईलमध्ये होता. साहेबांनी तो मोठा करून पाहिला. कडीवर पाच बोटं. शेवटचं कुंकू बोल्ट आणि पत्रा मिळून गोल, अखंड, पुरणपोळीवर तुपाचा थेंब बसावा तसं.

साहेबांनी त्याच वेळी डेपोत माणूस पाठवला, कडीचा जवळून फोटो घेतला, पंचांसमक्ष वेगळा पंचनामा केला. मग मला म्हणाले, "आता एक सांगा मावशी. चोराला डाळिंब हवं असतं, तर त्याने फोन करून पकडून दिलं असतं का?"

मी नाही म्हणाले.

"बरोबर. ज्याने फोन केला त्याला डाळिंब नको होतं. त्याला ही बाई नको होती. आपल्याला वाटलं, कंपनीतल्याच कुणा रुसलेल्या बाईने नवऱ्याकडून फोन करवला असेल. चुकलं आपलं."

तिसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरला आणलं. पंचविशीचा, चेहऱ्याने साधा. साहेबांनी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "पंक्चर कुठे काढलं?"

"करंजीच्या घाटाखाली."

थोड्या वेळाने पुन्हा. "पंक्चर कुठे काढलं म्हणालास?"

"केडगावला, साहेब."

"करंजी इकडे, केडगाव तिकडे, डेपोच्याही पुढे. ट्रेलर उडत गेला का रे?"

साहेबांनी दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले. एकात कुंकू अखंड, दुसऱ्यात मोडलेलं. ड्रायव्हरने ते पाहिलं. मी त्याचे हात बघत होते. उजव्या अंगठ्याच्या नखात लाल रंग होता, धुऊन धुऊन फिका झालेला. मी साहेबांना खुणेने दाखवलं. या वेळी दोन दिवस थांबले नाही.

"हे काय लागलंय?" साहेबांनी विचारलं.

त्याने मूठ मिटली आणि रडायला लागला. "शेठनी सांगितलं, सायेब. डबा त्येंच्या शेतात नेला. कांद्याच्या चाळीपाशी. चार गडी हुते. बोल्ट मी काढला. म्या म्हनलं, शेठ, कुंकू हाय, हात नगा लावू. ते म्हनले, पुसून टाक नंतर. मला पुसवलं न्हाई. देवाचं हाय म्हनून तसंच ठिवलं."

बायकांनी कुंकू लावलं ते लपवलं, आणि चोराला ते पुसवलं नाही. दोघांनाही एकच भीती होती. त्या भीतीवरच गुन्हा उघडा पडला.

दुपारी गाडीमालकाच्या शेतात झडती झाली. घरात बायका होत्या म्हणून मी सोबत. कांद्याच्या रिकाम्या चाळीत ताडपत्रीखाली झाकलेला ढीग होता. शिपायाने ती ओढली आणि वास आला. सगळं डाळिंब तिथेच होतं. त्याने एक फळसुद्धा विकलं नव्हतं. ढिगाऱ्यात खालची फळं दबून फुटली होती, पाणी सुटलं होतं, चिलटं उठत होती. वरची अजून चांगली दिसत होती, पण ताडपत्रीखाली तापून मऊ झाली होती, उचलली की बोट आत जायचं.

गाडीमालक चाळीच्या दाराशी उभा होता. साहेबांनी विचारलं, "विकायचं तरी होतंस. कुजवलंस कशाला?"

तो म्हणाला, "इकून काय करू? मला पैका नव्हता पायजे. माझ्या गाडीत बसून ते डाळिंब मुंबईला जायचं, सायेब. वीस वरसं. आता माझी गाडी म्हंजी नुसतं रेल्वेचं पायपुसनं. ती बाई सील लावती अन् सगळं गाव टाळ्या वाजवतं. माझ्यासाठी कुनी वाजवल्या?"

फोन कुणी केला हेही उघड झालं. गाडीमालकाने रस्त्यावरच्या एका ढाब्यावाल्याचा मोबाईल मागून घेतला होता, ढाब्यावाल्याने त्याला ओळखलं. गुन्ह्याचं कारण काय लिहावं, यावर साहेब बराच वेळ अडले. शेवटी लिहिलं, मत्सरापोटी. तो शब्द मी त्यांच्या खांद्यावरून वाचला आणि मान खाली घातली. कुणाचं नाव लिहिलंय हे मला दोनदा बघावंसं वाटलं.

अध्यक्षबाईवरचा गुन्हा मागे घेण्याचा अहवाल गेला. सील लावायची परवानगी राहिली. पुढचा डबा चार दिवसांनी निघाला आणि या वेळी वरच्या साहेबांच्या परवानगीने, सील लावायच्या आधी, सगळ्यांसमोर पूजा झाली. मला बोलावणं होतं. मी गेले नाही.

ती मग आमच्या घरी आली. हातात डाळिंबाची टोपली. माझ्या ओसरीवर बसून म्हणाली, "सायेब म्हनले, तू बगितलंस म्हनून मी सुटले. तुझे उपकार बाई, कसे फेडू?"

ती मनापासून बोलत होती. मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं, हे तिला माहीत नव्हतं. साहेबांनी सांगितलं नव्हतं. मी ओठापर्यंत आणलं होतं, पण तिने माझ्या सुनेच्या हातात टोपली दिली, लेकरांना जवळ घेतलं, आणि मी चहा ठेवायला आत गेले. आजपर्यंत सांगितलेलं नाही. म्हणून इथे लिहून ठेवते.

त्या केसने मला काय शिकवलं, ते सांगून थांबते. चौकशीत बोलणारा माणूस खोटं बोलतो की खरं, हे कळायला उपाय आहेत. गप्प बसणाऱ्याला कुणी विचारत नाही. मी लाजाळू म्हणून गप्प आहे असं सगळ्यांना वाटलं, मलासुद्धा वाटलं. लाज आणि जळफळाट बाहेरून सारखेच दिसतात, दोघंही मान खाली घालून उभे राहतात. सील शाबूत असलं म्हणजे आत काय आहे हे कळत नाही, एवढं मी त्या डब्यावरून शिकले आणि स्वतःवरूनही.

जळणं काही गेलं नाही. दुसऱ्या वर्षी मी पुन्हा क्रेट घेऊन शेडवर गेले. ती निवडायला बसली होती. माझं फळ उचललं, फिरवलं आणि बाजूला ठेवलं. पोटात तेच पेटलं. मी क्रेटला हात लावला, उचलायला वाकले आणि थांबले.

"डाग कुठं हाय, दाखव," मी म्हणाले. एवढ्या बायकांसमोर माझा आवाज मलाच परका वाटला.

तिने वर पाहिलं. मग फळ माझ्या हातात दिलं आणि माझा अंगठा धरून देठाजवळच्या एका काळपट ठिपक्यावर टेकवला. "हितं. तेल्या रोगाचा हाय. एक असलं तरी वाटंत सगळ्या डब्याला लागतं."

डाग होता. मी क्रेट बाजूला घेतली, तिच्याजवळ खाली बसले आणि उरलेल्या फळांतली डागाची कोणती, बिनडागाची कोणती, एकेक करून स्वतःच निवडायला लागले. संध्याकाळपर्यंत अर्धी क्रेट डब्यात गेली.